हत्यारं भिंतीला लागली

यामनाने लालबुंद तापलेली सळई फळीत दाबली. चर्र झालं, धुराचा लोट उठला आणि आतल्या खोलीतून नवऱ्याचा खोकला ऐकू आला.

"घर पेटवतेस का गं?"

"पाव भाजतेय."

"पावाला असला वास?"

"पीठ तुम्ही आणलंय. मला काय विचारता?"

मिलूद गप्प बसला. त्याला गप्प बसवणं हल्ली सोपं राहिलं नव्हतं. मराकेशच्या कातारी गल्लीत तीसेक वर्षं जमिनीवर फतकल मारून लाकूड कातणारा हा माणूस उशीवर पाय ठेवून पलंगावर पडला होता, आणि पडल्या पडल्या त्याला साऱ्या घरात खोटच खोट दिसत होती. चहात पुदिना कमी, खिडकीत ऊन जास्त, मांजर आळशी. मांजराला तर तो दिवसातून चार वेळा कामधंद्यावरून बोलायचा.

खरी खोट त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात होती. या गल्लीतला कातारी उजव्या हाताने कमान ओढून लाकूड फिरवतो, डाव्या हाताने पटाशीची मूठ धरतो आणि पटाशीचं पातं लाकडावर नेमकं टेकवायचं काम उजव्या पायाच्या अंगठ्याकडे असतं. अंगठा गेला म्हणजे तिसरा हात गेला. बाकीची हत्यारं त्याच्या भोवती भुश्शात पडलेली असतात. न बघता हात घातला की हवं ते हाताला लागतं. त्या दिवशी उठताना हाताऐवजी पाय गेला, आणि भुश्शातलं सगळ्यांत धारदार हत्यार लागलं. टाके घालणाऱ्या डॉक्टरला मिलूद सांगत होता, जरा लवकर उरका, बुद्धिबळाचा एक डाव अर्धवट राहिलाय. डॉक्टरला वाटलं, हा खेळण्याबद्दल बोलतोय; मिलूद बोलत होता कातायच्या राहिलेल्या सोंगट्यांबद्दल.

"ही हत्यारं अशी जमिनीवर लोळत का असतात?" यामनाने तेव्हाच विचारलं होतं.

"लोळत नाहीत. आमच्याबरोबर बसलेली असतात."

हे तिला पटण्यासारखं नव्हतं. ती साफी गावच्या कुंभाराची मुलगी. तिच्या बापाकडे माती कापायची तारसुद्धा भिंतीवर आपल्या खुंटीला असायची, आणि खुंटी चुकली तर मुलांना जेवण उशिरा मिळायचं. तेव्हा नवऱ्याचा अंगठा भरून येईपर्यंत त्याच्या हत्यारांना घर करून द्यायचं तिने मनाशी पक्कं केलं, आणि त्याला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही असंही.

झाडलोटीच्या निमित्ताने ती टोपलीत ओल्या मातीची एक थापटी घेऊन दुकानात गेली. भुश्शातून एकेक हत्यार उकरून काढलं, पुसलं आणि त्याच्या पात्याचा नि मुठीच्या गळ्याचा ठसा मातीत उमटवून घेतला. घरी देवदाराची एक फळी होती. गल्लीच्या भट्टीवर पाव भाजायला न्यायच्या कामाची. गॅसची भट्टी घरात आल्यापासून ती माळ्यावर पडून होती. ठशाबरहुकूम तिने त्या फळीत सळईने भोकं पाडली आणि कानस मारून ती साफ केली. पातं खाली जावं, पण मूठ वर अडावी. रुंद पटाशीचं भोक रुंद, गोल पटाशीचं गोल. एकीच्या घरात दुसरी जाता कामा नये. मधोमध एक तिरकं भोक होतं. ते तिने सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जपून केलं, कारण तिथे कद्दूर मालेमची तिरकी पटाशी बसणार होती. मालेम म्हणजे उस्ताद कारागीर. कद्दूर मालेम मिलूदचा गुरू, आणि ती पटाशी मिलूद दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे.

शुक्रवारी दुपारी गल्ली ओस पडते. नमाज झाली की जो तो आपापल्या घरी कुस्कुस जेवायला पळतो. यामनाने तेवढी वेळ साधली. भिंतीत दोन लोखंडी कोन ठोकले, त्यांवर फळी बसवली, तिला जवसाचं तेल चोळलं आणि हत्यारं आपापल्या जागी अडकवली. मागे सरून पाहिलं तर तिलाच आपलं कौतुक वाटलं. भुसा झाडलेला, बसायची चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी, आणि भिंतीवर सारी हत्यारं शिस्तीत. गल्लीत दुकानांना कुलपं लावायची रीत नव्हती. दोन्ही टोकांच्या वेशी राखणदार लावायचा, तेवढं पुरत असे. तिने दाराची फळी ओढून घेतली आणि गुणगुणत घरी आली.

शनिवारी संध्याकाळी हुम्माद आला. त्याचं दुकान मिलूदच्या भिंतीला भिंत लावून. निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा भला मोठा सुळका त्याने यामनाच्या हातात दिला आणि तो पलंगाशेजारी बसला, तो खाली मान घालूनच.

"अंगठ्यासाठी साखर?" मिलूद खूश होऊन म्हणाला. "यामना, बघ. आणि तू म्हणतेस गल्लीत माणुसकी नाही!"

"मिलूद," हुम्माद म्हणाला, "तुझ्यासारखा वजीर गल्लीत कुणाला जमला नाही."

"जमला नाही म्हणजे? जमत नाही म्हण."

"तेच. जमत नाही." हुम्मादने घाईघाईने चहाचा घोट घेतला आणि तोंड भाजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन सुळके आले, तिसऱ्या दिवशी एक सुळका आणि एक कोंबडी. येणारा प्रत्येक जण हळू आवाजात बोलायचा, मिलूदचा हात जरा जास्तच वेळ हातात धरायचा आणि जुन्या आठवणी काढायचा. अंगठा कसा आहे हे मात्र कुणी विचारत नव्हतं. मिलूदच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो मांजराशीसुद्धा नीट वागू लागला.

"तुमच्या अंगठ्याला गल्लीने डोक्यावर घेतलंय," यामना म्हणाली.

"माणूस कळायला त्याने जरा पडून राहावं लागतं," मिलूद म्हणाला. "तुमच्या साफीत नसेल असं."

साखरेचे सुळके कपाटावर रांगेने उभे राहिले. यामनाला कुठेतरी काहीतरी खुपत होतं, पण काय ते तिला सांगता येत नव्हतं. साखर लग्नाला आणतात, बारशाला आणतात, हजला निघालेल्याला देतात. माणूस गेला तरी आणतात. अंगठ्याला आणलेली तिने पाहिली नव्हती.

टाके निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिलूद काठी टेकत गल्लीत शिरला. मागे यामना. त्याचं तोंड बघायचं म्हणून ती मुद्दाम आली होती.

"आत जा, आणि भिंतीकडे बघा," ती म्हणाली.

मिलूदने बघितलं. भिंतीवर एक फळी होती. फळीत भोकं होती, सुबक, तेल चोळलेली, लहानमोठी. भोकांत काहीही नव्हतं.

"फळी छान आहे," तो म्हणाला. "कशासाठी आहे?"

यामनाचा हात तोंडावर गेला. तेवढ्यात शेजारच्या दुकानातून हुम्माद डोकावला आणि मिलूदला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू? तू इथे काय करतोस?"

"माझ्या दुकानात? वांगी विकतोय! माझी हत्यारं कुठे गेली?"

"अरे, पण तू उठलास ना!"

"उठलो म्हणून तर आलो. झोपून किती राहायचं?"

"तसं उठणं नाही रे! तुझी हत्यारं भिंतीला लागली होती!"

मिलूद फळीकडे वळला. फळीवरून बायकोकडे. मग काठीसकट मटकन खाली बसला आणि त्याने कपाळाला हात लावला.

"यामना," तो म्हणाला, "कुंभाराच्या पोरी, काय करून बसलीस हे!"

मग तिला सगळं सांगावं लागलं, आणि ते हुम्मादने सांगितलं, कारण मिलूद कपाळावरचा हात काढायला तयार नव्हता. या गल्लीत काम करणाऱ्याची हत्यारं जमिनीवर असतात. हत्यारं भिंतीला लागली की मालेम उठला, म्हणजे त्याने काम कायमचं सोडलं. का सोडलं, हे त्याला विचारायचं नसतं. त्याला वाईट वाटेल. पण हत्यारं थंड पडता कामा नयेत. म्हणून गल्लीतला प्रत्येक मालेम येतो, भिंतीपाशी उभा राहतो, उठलेल्या माणसाबद्दल एक चांगलं आणि खरं वाक्य मोठ्याने बोलतो आणि एक हत्यार घेऊन जातो. मुकाट्याने नेलं तर ती चोरी. कोपऱ्यात उभी केलेली चटई बघून तर कुणाला शंकाच उरली नव्हती.

"तीस वर्षांत मला कुणी हे सांगितलं नाही!" यामना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रागही.

"कशाला सांगेन? तू कढया भिंतीला टांगतेस तेव्हा मी विचारतो का, स्वयंपाक बंद झाला का म्हणून?"

हे म्हणता म्हणता मिलूदला हसू फुटलं. आधी खुदकन, मग पोट धरून. "म्हणजे तो साखरेचा ढीग! ती कोंबडी! हुम्माद, लेका, माझ्या जिवंतपणी माझ्याच दुखवट्याची कोंबडी खाल्ली मी!" हुम्मादही हसू लागला. हात दाखवून अवलक्षण करून घेतलेली यामना तेवढी हसत नव्हती, पण तिचेही ओठ थरथरायला लागले.

दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली आणि हत्यारं परत येऊ लागली. आणणारे शरमले होते, मिलूद मात्र बिलकूल शरमला नव्हता. तो प्रत्येकाला दारातच अडवायचा.

"नेताना काय बोललास?"

"आता कशाला ते?"

"बोललास की मुकाट्याने नेलंस? मुकाट्याने नेणाऱ्याला काय म्हणतात ठाऊक आहे ना?"

मग तो बिचारा पायांकडे बघत सांगायचा. कुणी म्हणाला होता की मिलूदने लाकडाचा तुकडा कधी फुकट घालवला नाही. कुणी म्हणाला होता की माझा लेक आजारी होता तेव्हा माझ्या वाट्याची प्यादी यानेच कातून दिली. मिलूद प्रत्येक वाक्य दोनदा ऐकायचा आणि वर म्हणायचा, "हत्यार मिळालं. वाक्य परत नेणार की ठेवू?"

"ठेव बाबा," ते म्हणायचे. "परत नेलं तर आम्हालाच लाज."

संध्याकाळी फळी जवळजवळ भरली होती. मधलं तिरकं भोक तेवढं मोकळं होतं.

"कद्दूर मालेमची पटाशी?" मिलूदने विचारलं.

 हुम्मादने फक्त समोर पाहिलं, आणि मिलूदचं हसू तिथल्या तिथे मावळलं.

समोर, गल्लीच्या पलीकडे, दोन हातांवर तिजानीचं दुकान होतं. उंच, वाळका, ओठ मिटलेला माणूस. तो आणि मिलूद एकाच वर्षी कद्दूर मालेमच्या हाताखाली आले, एकाच ताटात जेवले. मालेमची हत्यारं भिंतीला लागली तेव्हा तिजानी आईला आणायला गावी गेला होता. ती तिरकी पटाशी मालेम नेहमी तिजानीला वापरायला देत असे, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. मिलूदलाही होतं. पण तो थांबला नाही. भिंतीपाशी गेला, वाक्य बोलला, पटाशी घेऊन आला. रीतीत थांबायला कुठे सांगितलंय? तिजानी गावाहून परतला, मिलूदच्या मांडीपाशी पटाशी पाहिली आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. तेव्हापासून दोघे रोज दिवसभर एकमेकांसमोर बसत आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. अगदीच अडलं तर हुम्मादला मध्ये घेत.

आता ती पटाशी तिजानीच्या गुडघ्याशी एका स्वच्छ फडक्यावर पडली होती. तिजानी खाली मान घालून कमान ओढत होता.

"जा, मागा," यामना म्हणाली.

"मी? त्याच्याकडे?"

"मग कोण?"

"रीतीने नेलीय. त्याची झाली."

 दुसऱ्या दिवशी चटई पसरून मिलूद कामाला बसला. दुसरी पटाशी घेऊन वजिराची मान काढायला गेला. मान जाड झाली. पुन्हा काढली, मोडली. अंगठा नवा नवा, हत्यार परकं. पुढच्या दिवशीही तेच. संध्याकाळी घरी आल्यावर तो जेवला नाही, मांजराला रागावला नाही. पलंगावर बसून अंगठ्याकडे बघत राहिला.

"एका परीने बरंच झालं," तो म्हणाला. "साखर खाऊन झालीय, वाक्यं ऐकून झालीत. खरंच लावून टाकावी हत्यारं भिंतीला."

चेष्टेचा सूर यामनाच्या ओळखीचा होता. हा तो नव्हता.  एवढ्या प्रेमाने केलेली फळी, आणि त्या फळीने नवऱ्याला खरोखरच उठवलं तर ती आयुष्यभर कुठल्या भिंतीकडे बघणार होती?

दुसऱ्या दिवशी दुपारी मिलूद आणि हुम्माद मशिदीकडे गेले तशी ती गल्ली ओलांडून गेली. तिजानी पाय धुऊन निघायच्या तयारीत होता. तिला पाहून त्याने एक स्टूल पुढे सरकवलं.

"बसा, लाल्ला यामना," तो अदबीने म्हणाला.

"बसायला नाही आले, सी तिजानी. चूक माझी आहे. तुमची रीत मला ठाऊक नव्हती."

"कळलं मला. गल्लीला कळलं ते मलाही कळतं."

"मग पटाशी द्या."

"नाही."

"एवढं वैर?"

"वैर असतं तर पहिल्या दिवशीच वापरायला घेतली असती," तिजानी म्हणाला. यामनाने फडक्याकडे पाहिलं. पात्यावर तेलाचा पातळ हात होता. लाकडाचा कणही नव्हता.

"मग अडलंय कुठे?"

तिजानीने दाढी खाजवली. 

"बाकीच्यांनी हत्यारं परत दिली तेव्हा त्याने एकेकाचं वाक्य काढून घेतलं. मी इथून बघत होतो. हात पसरून उभा होता, भिकाऱ्यासारखा. माझं वाक्य त्याला मिळणार नाही."

"इतकं वाईट बोललात?"

"वाईट असतं तर कधीच तोंडावर सांगितलं असतं."

यामनाला हसू आलं, पण ते तिने दाबलं. हा माणूस पटाशीला धरून बसला नव्हता, वाक्य लपवून बसला होता.

"मी त्यांना सांगणार नाही," ती म्हणाली. "पण मला ऐकावं लागेल."

"का?"

"वाक्याशिवाय हत्यार उचललं तर चोरी ना? मग माझ्यावर चोरीचा आळ नको."

"कुंभारीण चार दिवसांत रीत शिकली की," तिजानी पुटपुटला. त्याने समोरचं दुकान रिकामं असल्याची खात्री करून घेतली. मग गल्लीची दोन्ही टोकं बघितली. मग फडक्यावरच्या पटाशीकडे बघत, कुणीतरी जबरदस्तीने बोलायला लावल्यासारखा, तो म्हणाला,

"हा समोर बसलेला होता, म्हणून मी एक दिवससुद्धा खोटं काम केलं नाही."

एवढं बोलून त्याने कमान उचलली आणि जोरजोरात ओढायला सुरुवात केली. लेथवर लाकूड चढवलेलंच नव्हतं. यामनाला भरून आलं. इतकी वर्षं ज्याला ती नवऱ्याचा वैरी समजत होती, तो दिवसभर त्याच्याच डोळ्यांना भिऊन आपली नक्षी सरळ ठेवत आला होता.

"शपथ?" तिजानीने मान वर न करता विचारलं.

"बापाच्या चाकाची शपथ."

त्याने पटाशी फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिली.

मिलूद परतला तेव्हा यामना त्याच्या चटईवर बसली होती. भिंतीवरची फळी तिने उतरवली होती, आणि बसल्या जागेवरून डावा हात कुठपर्यंत जातो ते ती स्वतःचा हात लांब करून मापत होती. तिचा हात त्याच्यापेक्षा वीतभर आखूड, म्हणून ती मधूनमधून एका बाजूला कलत होती. बाजूला हुम्मादकडून मागून आणलेले लाकडाचे चार ठोकळे होते.

"आता काय मांडलंयस?"

"फळीला पाय लावतेय. जमिनीवरच राहील, हत्यारं उभी राहतील, आणि तुम्ही उठताना तुमचा अंगठाही वाचेल. बसलेल्या माणसाची हत्यारं बसलेलीच असावीत, पण शिस्तीत बसावीत." तिने फडकं पुढे केलं. "आणि हे घ्या."

मिलूदने फडकं उलगडलं.  त्याने पटाशीच्या मुठीवरून अंगठा फिरवला, हाताचा.

"कशी आणलीस?"

"चालत."

"त्याने दिली?"

"दिली."

मिलूद बसला. लाकूड चढवलं, कमान हातात घेतली, पाय टेकवला. कमान दोनदा ओढली आणि थांबला.

"काय बोलला होता तो?"

"कोण?"

"नेताना. वाक्य बोलला असेलच ना. तो रीत मोडणारा नाही."

"शपथ घातलीय मला."

"मी नवरा आहे तुझा."

"म्हणूनच घातलीय." यामनाने ठोकळ्यावर खिळा धरला आणि हातोडी मारली.

मिलूदने पुन्हा कमान ओढली. वजिराची मान केसासारखी नाजूक निघत होती, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"वाईट बोलला?"

"नाही."

"चांगलं बोलला?"

"लाकडाकडे बघा."

"किती चांगलं? हुम्मादपेक्षा चांगलं?"

"मालेम, तुमच्या जागी मी असते ना," यामना तोंडातला खिळा काढत म्हणाली, "तर ज्याचं वाक्य आहे त्यालाच विचारलं असतं."

हे फारच झालं. मिलूदने कमान खाली ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली. समोर तिजानी खाली मान घालून काम करत होता, इतकी खाली की तो ऐकतोय हे कुणालाही कळावं. 

"ए तिजानी!"

शेजारी हुम्मादची कमान थबकली. मग त्याच्या पलीकडची. गल्लीच्या टोकापर्यंत एकेक लेथ गप्प होत गेला.

"पटाशी नेताना काय बोललास रे माझ्याबद्दल?"

तिजानीने हातातलं प्यादं डोळ्यांसमोर धरून नीट न्याहाळलं.

"मर आधी," तो म्हणाला. "मग सगळ्यांदेखत सांगतो."

गल्लीत हशा पिकला. मिलूदचे कान लाल झाले.

"माझ्या मरणाची वाट बघू नकोस! तूच आधी उठशील. मग मी येईन तुझ्या भिंतीपाशी, समजलं?"

"येऊन बोलशील काय? माझ्याबद्दल एक चांगलं वाक्य सुचतंय का तुला, ते आधी बघ."

मिलूदने तोंड उघडलं. आता तो काहीतरी झणझणीत हाणणार, म्हणून हुम्माद दारात येऊन उभा राहिला.  पण मिलूदने मांडीवरच्या पटाशीकडे एकदा पाहिलं.

"बोलेन," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकाएकी खाली आला, "की ही नेण्याआधी मी तू गावाहून यायची वाट बघायला हवी होती."

यामनाची हातोडी हवेतच राहिली.  तिजानीने प्यादं खाली ठेवलं, अंगावरचा भुसा झटकला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोर, सरळ मिलूदच्या तोंडाकडे पाहिलं.

"हे तुझ्याबद्दल झालं," तो म्हणाला. "माझ्याबद्दल काय? आणि तेही जिवंतपणीच बोलून बसलास. आता माझ्या भिंतीपाशी तुला दुसरं वाक्य शोधायला लागेल."

"शोधीन की."

"शोध," तिजानी म्हणाला आणि त्याने कमान उचलली. "मला घाई नाही."